ऑफेनबाखला उशिरा शहाणपण सुचलं नव्हतं

तीन वर्षांपूर्वी एका नाट्यस्पर्धेत आमचं नाटक होतं, संगीत माझं. निकालानंतर परीक्षकांशी बोलता येतं म्हणून वही-पेन घेऊन गेले. त्यांच्यातले एक जण मनापासून म्हणाले, "चाली झकास आहेत हो, लोकांनी टाळ्याही भरपूर दिल्या. पण सगळं हलकंफुलकं झालं. वजन नाही."

त्या नाटकातल्या एका विनोदी गाण्याच्या दुसऱ्या कडव्यासाठी मी अकरा रात्री पेटीसमोर बसले होते. हशा कुठे येईल, आला तर पुढचा शब्द त्यात बुडणार नाही ना, म्हणून मधे किती मात्रा मोकळ्या सोडायच्या, आणि हशा आलाच नाही तर त्या मोकळ्या मात्रा ओशाळवाण्या वाटू नयेत म्हणून तिथे काय वाजवायचं. रडवणाऱ्या गाण्याला ही पंचाईत नसते. प्रेक्षक शांत बसलेला असतो, गाणं आपल्या चालीनं जातं.

तेव्हापासून मला झाक ऑफेनबाख हा एकोणिसाव्या शतकातला संगीतकार फार जवळचा वाटायला लागला. "गोड आहे, पण वजन नाही" हे त्यानं जन्मभर ऐकलं. मेल्यानंतर तर त्याची एक ठरीव गोष्टच तयार झाली. शंभरेक ऑपेरेटा, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिका, लिहून पॅरिसला नाचवणारा हा विदूषक शेवटी शहाणा झाला, मरता मरता 'हॉफमनच्या कथा' हा एक खराखुरा, गंभीर ऑपेरा लिहून गेला, आणि तेवढ्यावर तरला. कार्यक्रमपत्रिकांपासून ते यूट्यूबखालच्या ओळींपर्यंत हीच गोष्ट वाचायला मिळते. मला ती साफ चुकीची वाटते.

तो जन्मानं फ्रेंच नव्हताच. 20 जून 1819 रोजी जर्मनीत, कोलोनमध्ये एका ज्यू घरात जन्मला. वडील इझाक एबेर्स्ट सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे, शिवाय संगीताच्या शिकवण्या. ते ऑफेनबाख गावाहून आलेले म्हणून लोक त्यांना 'ऑफेनबाखर' म्हणायचे, आणि तेच आडनाव झालं. आपल्याकडे गावाला 'कर' लावून आडनाव होतं तसंच. दहा भावंडांतला हा सातवा. सहाव्या वर्षी व्हायोलिन, नवव्या वर्षी चेलो, आणि लवकरच भाऊ-बहिणीबरोबर कोलोनच्या खानावळींत वाजवून घराला हातभार.

1833 मध्ये वडील त्याला आणि त्याच्या भावाला घेऊन पॅरिसला गेले. तिथल्या कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयात परदेशी मुलांना प्रवेश नव्हता. दहा वर्षांपूर्वी खुद्द लिस्टला, पुढे पियानोवादक म्हणून गाजलेल्याला, याच नियमावर बोट ठेवून परत पाठवलं होतं. संचालक केरुबिनी कडक म्हणून प्रसिद्ध. पण वडिलांनी एवढीच गळ घातली की पोराचं एकदा ऐका तरी. चौदा वर्षांच्या मुलासमोर कधी न पाहिलेली स्वरलिपी ठेवली. त्यानं वाजवायला घेतलं, आणि तुकडा संपायच्या आतच केरुबिनींनी त्याला थांबवून प्रवेश दिला. हे सगळं करून पठ्ठ्या जेमतेम वर्षभर टिकला आणि बाहेर पडला. ऑपेरा-कॉमिक या थिएटरच्या वाद्यवृंदात चेलो वाजवायला लागला. तिथेही स्वस्थ नाही. शेजारच्या चेलोवाल्याशी संगनमत करून एक सूर तू वाजव, एक मी, असे खेळ चालायचे आणि पगारातून दंड कापला जायचा. पण मला यात नुसता वांडपणा दिसत नाही. दोघांनी एकेक सूर टाकत चाल अखंड ठेवायची तर ताल हाडीमाशी मुरलेला लागतो.

मग वीस वर्षं नुसती धडपड. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत चेलोवादन, लग्न, पोरंबाळं, 1848 च्या क्रांतीत कोलोनला पळणं, परत येऊन कोमेदी-फ्रान्सेझ या नाट्यगृहात संगीत-संचालकाची नोकरी. ऑपेरा-कॉमिकचे दरवाजे वाजवून थकला, कोणी त्याचं नाटक घेईना. तेव्हा त्यानं स्वतःचं थिएटर काढलं. 1855 चं साल, पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलेलं, आणि प्रदर्शनाच्या वाटेवर शाँझ-एलिझेला एक लाकडी, खुराड्याएवढं नाट्यगृह रिकामं पडलेलं. 5 जुलैला 'बुफ-पारिझिआँ' सुरू झालं.

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण हे वाचताना मी अक्षरशः उठून उभी राहिले होते. त्या काळी पॅरिसमध्ये कुठल्या थिएटरनं काय करायचं हे सरकार परवान्यावर लिहून द्यायचं. ऑफेनबाखला मिळालेला परवाना असा: खेळ एका अंकाचा, आणि बोलणारी-गाणारी पात्रं फक्त तीन. मोठ्या थिएटरांच्या वाटेत यायचं नाही. या चौकटीत त्यानं पहिल्याच रात्री 'दोन आंधळे' नावाचा तुकडा केला. पुलावर दोन भिकारी, दोघंही आंधळ्याचं सोंग घेतलेले. भिकेच्या मोक्याच्या जागेवरून भांडतात, मग पत्ते खेळून जागा कुणाची ते ठरवायला बसतात. दोन माणसं, दोन वाद्यं, एक पूल. पॅरिस लोटलं.

पुढे मर्यादा चार पात्रांची झाली. 1857 च्या 'क्रोकफेर'मध्ये त्याला पाचवं हवं होतं. मग त्या पाचव्या योद्ध्याची जीभ लढाईत कापली गेली असं दाखवलं, आणि तो बिचारा आपलं म्हणणं पाट्यांवर लिहून दाखवत राहिला. कायद्यात बोलणारी पात्रं चार, रंगमंचावर पाच! दोन पेट्या, एक तबला आणि भाड्याच्या पडद्यावर नाटक उभं करणाऱ्या कुणालाही हे वाचून आपलंच घर आठवेल. ज्याला परवान्याच्या प्रत्येक शब्दाशी झगडून गाणं उभं करावं लागलं, त्याच्या कामाला सहज खेळ कसं म्हणायचं?

1858 मध्ये पात्रांची अट सुटली, आणि 21 ऑक्टोबरला 'पाताळात ऑर्फियस' आलं. थिएटर तेव्हा कर्जात बुडालेलं. ग्रीक कथेत ऑर्फियस मेलेल्या बायकोसाठी पाताळात उतरतो. इथे नवरा-बायको एकमेकांना इतके विटलेले की ती गेली म्हणून तो खूश आहे. पण 'लोकमत' नावाचं एक पात्र येऊन त्याला दटावतं, की लोक काय म्हणतील, जा आणि तिला घेऊन ये. तिकडे स्वर्गात देव रोज तेच अमृत पिऊन वैतागलेत आणि ज्युपिटरविरुद्ध बंड करतात. त्या बंडाच्या गाण्यात ऑफेनबाखनं 'मार्सेयेज'ची सुरावट घातली. तिसऱ्या नेपोलियनच्या राज्यात त्या गाण्यावर बंदी होती. भर थिएटरात, हसत हसत, बंदी घातलेलं क्रांतिगीत लोकांना ऐकवलं, आणि याला म्हणे वजन नाही.

त्याच नाटकात ऑर्फियस देवांपुढे गाऱ्हाणं मांडतो तेव्हा ग्लुकच्या जुन्या, गंभीर ऑपेरातली विलापाची ओळ गातो. लोक म्हणतात, ही ग्लुकची थट्टा. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. ती ओळ त्यानं वाकडी केलेली नाही, चिमटा काढलेला नाही, होती तशी सरळ ठेवलीय. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याच्या तोंडीसुद्धा ती चाल खरीच वाटते. थट्टा त्या नवऱ्याची आहे, सुरांची नाही.

ज्यूल जानँ नावाचा त्या काळचा वजनदार समीक्षक यावर भडकला. पवित्र प्राचीन परंपरेची विटंबना वगैरे. मग लेखकांपैकी क्रेमिए यानं जाहीर केलं, की नाटकातलं प्लुटोचं एक पल्लेदार भाषण जानँच्याच लेखातून शब्दशः उचललं आहे. त्या वादानं तिकीटबारीवर रांगा लागल्या आणि 228 प्रयोग झाले, तेही नट थकले म्हणून थांबले. शेवटचा तो गॅलप, म्हणजे भरधाव नाच, जो आज जग 'कान-कान' म्हणून ओळखतं, याच नाटकातला.

पुढची दहा वर्षं त्याचीच होती. मेयाक आणि आलेव्ही ही लेखकजोडी, ओर्तांस श्नायडर ही नायिका. 1864 ला 'सुंदर हेलन', 1866 ला 'पॅरिसचं जीवन', 1867 ला 'गेरोलस्टाइनची ग्रँड डचेस'. या शेवटच्यात एका चिमुकल्या राज्याचे दरबारी राणीचं मन रमावं म्हणून युद्ध काढतात, आणि राणी आवडलेल्या शिपायाला एका झटक्यात सेनापती करते. त्या वर्षी पुन्हा प्रदर्शन होतं. रशियाचा झार, प्रशियाचा राजा, त्याचा मंत्री बिस्मार्क, सगळे येऊन बघून हसून गेले. तीन वर्षांत प्रशियाशी खरं युद्ध झालं, फ्रान्स हरलं, आणि सैन्याची टिंगल करणाऱ्या त्याच ऑपेरेटावर फ्रान्समध्ये काही काळ बंदी आली.

ऑफेनबाखची तर दोन्हीकडून होरपळ झाली. फ्रेंच वर्तमानपत्रं म्हणाली, हा बिस्मार्कचा माणूस. जर्मन म्हणाले, हा मायभूमीशी बेइमान. चौदाव्या वर्षापासून पॅरिसमध्ये राहिलेला, 1860 मध्ये रीतसर फ्रेंच नागरिक झालेला माणूस! नंतर थिएटर द ला गेते चालवायला घेतलं, भपकेबाज निर्मितीत पैसा बुडाला, 1875 मध्ये दिवाळं निघालं. देणेकऱ्यांचं देणं फेडायला स्वतःचं मानधन गहाण टाकलं आणि 1876 मध्ये संधिवातानं वाकलेल्या शरीरानं अमेरिकेला जाऊन मैफली केल्या. फिलाडेल्फियात त्याच्यासमोर व्हायोलिन वाजवणाऱ्यांत एक तरुण जॉन फिलिप सूसा होता, जो पुढे अमेरिकेचा 'मार्च किंग' झाला.

आता 'हॉफमन'. कवी हॉफमन आपल्या तीन प्रेमांच्या गोष्टी सांगतो. ऑफेनबाख त्यावर शेवटची तीन-चार वर्षं झिजला आणि प्रयोग न बघताच 5 ऑक्टोबर 1880 ला गेला. एर्नेस्त गिरो यानं उरलेलं काम पुरं केलं आणि 10 फेब्रुवारी 1881 ला ऑपेरा-कॉमिकमध्ये, ज्या थिएटरचे दरवाजे तो तरुणपणी वाजवत होता तिथेच, पडदा उघडला. हा मोठा ऑपेरा आहे याबद्दल माझं दुमत नाही. पण तो त्यानं कुठल्या कारखान्यात घडवला ते बघा ना. पहिली प्रेयसी ऑलिंपिया ही यंत्राची बाहुली. ती अवघड ताना घेत झकास गाते, आणि मधेच तिची चावी संपते. सूर घरंगळत खाली येतो, मान लटकते, कुणीतरी धावत जाऊन किल्ली फिरवतं आणि ती पुन्हा गायला लागते. लोक हसतात, आणि हसताना पोटात खड्डा पडतो, कारण हॉफमनला ती जिवंत वाटते आहे. हे 'दोन आंधळे' लिहिणाऱ्या हातानंच सुचतं. आणि व्हेनिसच्या अंकातलं ते जगप्रसिद्ध नौकागीत? ते मुळात 1864 मध्ये व्हिएन्नासाठी लिहिलेल्या 'ऱ्हाइनच्या पऱ्या' या त्याच्या ऑपेरात होतं. म्हणजे ज्या वर्षी 'सुंदर हेलन' लिहून तो पॅरिसला हसवत होता, त्याच वर्षी हे गाणंही त्याच्याकडे होतं. उशिरा सुचलेलं शहाणपण कुठे आहे यात?

सँ-साँस या फ्रेंच संगीतकारानं 1886 मध्ये 'प्राण्यांचा कार्निव्हल' लिहिला. त्यात कासवांसाठी त्यानं ऑफेनबाखचा तो धुमाकुळी गॅलपच घेतला, पण कासवाच्या चालीनं. गंमत म्हणून केलं होतं. मी आमच्या वर्गातल्या मुलांना कशाचं आहे ते न सांगता ऐकवलं. एक मुलगी म्हणाली, "ताई, हे कुणीतरी खूप वर्षांनी घरी येतंय असं वाटतं." वेग काढून घेतला की चालीत काय उरतं हे बघायचं असेल तर एवढं ऐका.

मागच्या वर्षी भाचीकडे पॅरिसला गेले तेव्हा पासाज श्वाझलमध्ये तासभर फिरले. काचेच्या छपराखालची जुनी गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि तिला लागूनच बुफ-पारिझिआँ. 1855 च्या हिवाळ्यात तो शाँझ-एलिझेहून इथे आला, आणि थिएटर आजही चालू आहे. दुपार होती, दार बंद. मी दाराशी उभी राहून कानात 'ला पेरिकोल'मधलं पत्राचं गाणं लावलं.

हे 1868 चं. लिमा शहरातले दोघं रस्त्यावर गाणारे, पेरिकोल आणि पिकियो. गातात, पण पैसे कोणी टाकत नाही. लग्न करायचंय, त्यालाही पैसे नाहीत. तो कुठे काही मिळतंय का बघायला जातो, ती भूक विसरायला तिथेच झोपते. वेश पालटून फिरणारा व्हाइसरॉय तिला बघतो, राजवाड्यात ये म्हणतो. ती जायचं ठरवते. कारण एकच, भूक. आणि जाण्यापूर्वी पिकियोला पत्र लिहिते.

इथपर्यंत थिएटर हसत असतं. मग वाद्यवृंद जवळजवळ गप्प होतो. चाल अगदी साधी, झुलणारी, एकही दाखवायची तान नाही. पत्र लिहिणारी बाई जशी थांबत थांबत लिहिते तशीच चाल थांबते. ती म्हणते, शपथेवर सांगते, माझा सगळा जीव तुझ्यावर आहे, पण आपली दैना किती रे. पोटात भाकर नसताना माणसाला प्रेमानं कसं वागता येईल, तूच सांग. कुठे आरोप नाही, रडणं नाही. सही करताना फक्त एवढंच, की तुझी पेरिकोल, तुझ्यावर प्रेम करणारी, पण आता सोसवत नाही.

गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. ती पत्र ठेवून निघून जाते. पिकियो येतो, वाचतो, गळफास घ्यायला निघतो, त्यातच गोंधळ उडतो आणि सभागृह पुन्हा हसायला लागतं.