उन्हाळी शिबिर आणि सेकंड एसी

आमच्या घरात माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा विषय फेब्रुवारीतच निघतो. यंदा नववी, म्हणजे पुढे दहावी. त्यामुळे सुट्टी माझी असली तरी ती कशी घालवायची हे बाकीचे ठरवणार, हे मला वेगळं सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

आईचा पर्याय एकच, व्हेकेशन बॅच. क्लासवाले एप्रिल-मेमध्ये भूमिती उरकतात, जूनमध्ये शाळा तीच पहिल्यापासून सुरू करते आणि दिवाळीनंतर दोघंही रिव्हिजन घेतात. थोडक्यात, तेच दोन त्रिकोण तीनदा समरूप आहेत हे सिद्ध करायचे पैसे भरायचे. ‘सगळ्या जाताहेत’ हे आईचं प्रमेय. त्याला सिद्धता लागत नाही.

अमेरिकेतल्या मामाने व्हिडिओ कॉलवर ओहायोतला रॉस प्रोग्रॅम, म्हणजे शाळकरी मुलांचं गणिताचं उन्हाळी शिबिर, सुचवला. १९५७ पासून चालू आहे, सहा आठवडे नुसती नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांचं गणित, आणि प्रवेशासाठी आधी गणितं सोडवून पाठवायची. त्यांचं ब्रीदवाक्य आहे, साध्या गोष्टींचा खोल विचार करा. आजी म्हणाली, “मग मी मेथी निवडताना दुसरं काय करते?” फी काही हजार डॉलर, आणि सुरुवात जूनच्या मध्याला. “तेव्हा हिची शाळा सुरू होते रे,” असं म्हणून बाबांनी डॉलरचा उल्लेखही न करता विषय मिटवला.

मला स्वतःला आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, जायचं होतं. विद्यापीठाच्या आवारातच आहे, आणि सुट्टीत शाळकरी मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर प्रोजेक्ट करायला मिळतो. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. या चौघांपैकी एकही व्हेकेशन बॅचला गेला नव्हता, असा मुद्दा मी मांडला. “त्यांना बोर्ड नव्हतं,” आई म्हणाली. शिवाय नाव शाळेकडून जातं, आणि आमच्या शाळेला पहिल्या नंबराशिवाय दुसरा आकडा माहीत नाही.

उरली इस्रोची ‘युविका’. २०१९ साली सुरू झालेला, खास नववीच्या मुलांसाठीचा दोन आठवड्यांचा कार्यक्रम. राहणं, जेवण, प्रवास, सगळा खर्च इस्रोचा. हे ऐकून बाबा चष्मा लावून पुढे सरसावले आणि त्यांनी निवडीचे निकष मोठ्याने वाचायला घेतले. आठवीच्या गुणांना ५० टक्के. ऑनलाइन क्विझला १०. विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, स्काउट-गाइड, खेळ, सगळ्याला थोडे थोडे. खेळात शाळेतलं बक्षीसही चालतं म्हटल्यावर माझं सहावीतलं लिंबू-चमच्याचं प्रमाणपत्र शोधायला दिवाणाखालच्या बॅगा निघाल्या. अंतराळ संशोधनात लिंबू-चमच्याचं स्थान काय, हे विचारायची सोय नव्हती. (तोल सांभाळणे, असं बाबा नंतर म्हणाले.)

मग ते एका ओळीवर अडखळले. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना १५ टक्के.

“आपण वाईजवळच राहिलो असतो तर?” बाबा म्हणाले.

“तुम्हीच म्हणालात ना, मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला जाऊ,” आई म्हणाली.

“मी तेव्हाच सांगत होते,” आजी म्हणाली. ती नेमकं काय सांगत होती ते कुणाला आठवेना, पण त्या घटकेला ती बरोबर होती.

चार दिवस हा वाद चालला. यातल्या एकाही ठिकाणी माझी निवड झालेली नव्हती. माझ्यासाठी जागा पक्की होती ती फक्त व्हेकेशन बॅचला, तीसुद्धा निम्मी फी आगाऊ भरल्यावर. आईने त्यांचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाने लावूनच ठेवला होता.

पाचव्या दिवशी बाबांनी इस्रोचं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं. मुलाला सोडायला आणि न्यायला येणाऱ्या एका पालकाचं सेकंड एसीचं भाडंही मिळतं, असं त्यात होतं.

आईने फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. “मला मे महिन्यात रजा मिळेल,” ती म्हणाली.

“मलाही मिळेल,” बाबा म्हणाले.

आजीने जपमाळ बाजूला ठेवली. “अरे, त्यांचं एक केंद्र श्रीहरिकोट्यालाही आहे म्हणालास ना? तिथून तिरुपती किती लांब?”

बाबांनी मोबाइलवर नकाशा उघडला. मी क्विझ अजून व्हायची असल्याची आठवण करून दिली.

“मग बस अभ्यासाला,” आजी म्हणाली. “सोडायला जाताना एक आणि आणायला जाताना एक, दोन दर्शनं होतील माझी.”