हिमराक्षसाचा पंचनामा

लेखकांना वाचक मिळत नाहीत अशी सगळीकडे रड आहे म्हणे. माझं तसं नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत ऑनलाईन फॉर्म, सातबारा, केवायसी, आणि साईट बंद पडली की दहा-पंधरा माणसं दुकानातल्या बाकावर नुसती बसून राहतात, डेटा संपलेला, बाहेर मे महिन्याचं ऊन, उठून घरी जायची सोय नाही कारण साईट कधी सुरू होईल सांगता येत नाही आणि नंबर गेला की गेला. अशा वेळी काउंटरवर माझी गोष्ट पडलेली असते. वाचतील नाही तर काय करतील बिचारे.

गोष्ट लिहिली शाळेच्या हेडसरांच्या सांगण्यावरून. पोट्टे पुस्तकाले हात लावत नाहीत, काहीतरी भीतीचं लिहून द्या, उन्हाळी वर्गात वाचून दाखवतो, असं ते म्हणाले. भीतीचं म्हणजे मुंजा, हडळ, चकवा हे आमच्या पोरांना पाठ आहे, गावात कोणत्या झाडावर कोण राहते हे ते पत्त्यासकट सांगतात. म्हणून मी नवीन काढलं. हिमराक्षस.

थोडक्यात असं, की पिंट्या नावाचा पोरगा बापाच्या ट्रकमधून वरुडची संत्री घेऊन निघतो, थेट हिमाचलच्या रोहतांग घाटात. रात्री बर्फ पडतो, रस्ता बंद, टपावर गारा ताडताड वाजतात, आणि मग साडेनऊ फुटी पांढरा राक्षस येऊन काचेवर हात ठेवतो. काच गोठते. श्वास सोडतो तर बाप स्टेअरिंगवर तसाच गोठतो. राक्षसाला संत्र्याचा वास आलेला असतो. शेवटी पिंट्या इंजिन तापवून त्याला वितळवतो आणि बाप मोकळा होतो. सात पानं. लिहिताना माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि लाईन गेली होती ते सोडा.

पहिला अभिप्राय ड्रायव्हर दादाचा. त्यांनी दिल्ली, जम्मू, गुवाहाटी सगळीकडे संत्रं पोचवलेलं आहे. दोन पानं वाचली, चष्मा काढला, म्हणाले, "रोहतांगवरून कायले नेली बे गाडी? खालून अटल बोगदा झाला ना २०२० मध्ये, नऊ किलोमीटरचा. वरून आता हौशी लोक जातात फोटो काढाले."

मी म्हटलं दादा, गोष्ट बोगद्याच्या आधीची आहे असं समजा.

"बरं समजलो. क्लीनर कुठाय?"

क्लीनर नव्हता. माझ्या डोक्यातच आला नव्हता. दादा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं की एवढ्या लांबच्या फेरीले क्लीनर नाही म्हणजे ही गोष्ट पहिल्याच वाक्यात फेल आहे, आणि राक्षस खरा असता तर त्यानं पहिले क्लीनरलेच धरलं असतं, कारण काही झालं की क्लीनरच धरला जाते. या मुद्द्यावर बाकाचं एकमत झालं. राक्षस बाजूलाच राहिला.

मग बगीचेवाले काका. त्यांनी एकच प्रश्न विचारला, संत्रं आंबिया बहाराचं होतं का मृगाचं? मी म्हटलं संत्रं होतं. असं नाही चालत, म्हणाले. आंबिया असन तर दिवाळीच्या मागंपुढं तोड येते, मृग असन तर फेब्रुवारी-मार्च, तुह्या गोष्टीत महिना कोणता? मी अंदाजानं डिसेंबर म्हटलं. "म्हणजे आंबियाचा शेवटचा माल. रंग गेलेला. त्याच्यासाठी राक्षस डोंगर उतरून येईन का?" पुढं ते कॅरेट किती होते, बगीचा टनानं दिला का झाडावरच सौदा केला, व्यापारी कुठला, विसार घेतला का नाही, या मार्गाने गेले आणि परत आलेच नाहीत. जाता जाता सल्ला दिला की भीतीचंच लिहायचं असन तर फळगळ लिही. सकाळी बगीच्यात जा आणि झाडाखाली पाह्य, मी तर म्हणतो लहान लेकराले ते दाखवूच नये.

आता आमच्याकडे एक फौजी आहेत, रिटायर्ड. बर्फ हा विषय गावात कोणी काढला तर तो त्यांच्या परवानगीनं काढावा लागतो कारण ते सियाचीनला राहून आलेले आहेत. त्यांनी गोष्ट उभ्यानंच वाचली. "राक्षस संत्रं सोलून खाते असं लिहिलं तुम्ही. उणे चाळीसमध्ये संत्र्याचा गोटा होते, त्याच्यावर हातोडा मारा लागते. आम्ही अंडं हातोड्यानं फोडत होतो." मी म्हटलं राक्षस आहे, दातानं फोडेल. तर म्हणाले तिथं राक्षस नसते, तिथं ऑक्सिजन नसते, आणि ते राक्षसापेक्षा वाईट असते. हे मात्र त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं, आणि बाकावरचेही क्षणभर गप्प झाले.

पण लगेच त्यांनीच घोळ केला. म्हणे, यती, म्हणजे हिममानव, मात्र आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या सैन्यानंच फोटो टाकले होते, नेपाळातल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ पावलं सापडली, बत्तीस इंच बाय पंधरा इंच. आणि दुर्दैवानं तेव्हाच आमचे विज्ञानाचे मास्तर पेन्शनच्या कागदाची कॉपी मारायला आत आले.

मास्तरांना असं काही ऐकू आलं की त्यांचा पिरियड सुरू होतो. त्यांनी फौजींना आणि पर्यायानं सगळ्या बाकाला सांगितलं की २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने, हाडं, केस, दात, कातडी असे, तपासले शास्त्रज्ञांनी डीएनए काढून, तर आठ निघाले अस्वलाचे.

"आणि नववा?" कोणीतरी आशेनं विचारलं.

"कुत्र्याचा."

फौजींना हे लागलं. ते म्हणाले तुमचा डीएनए तुमच्याजवळ ठेवा. मास्तर मग आणखी मागं गेले, १९६० सालात, एव्हरेस्टवाले हिलरी खुमजुंग नावाच्या गावात गेले, तिथल्या मठात यतीच्या डोक्याचं कातडं होतं, ते त्यांनी तपासायला परदेशात नेलं आणि ते निघालं सेरो नावाच्या तिकडच्या जंगली बकरीवाणी जनावराच्या कातड्याचं. पण गाववाल्यांनी ते असंच हाती दिलं नव्हतं बरं का, गावचा मुखिया कातड्यासोबत पाठवला होता, जाऊन यायला.

"बरोबर केलं," बगीचेवाले काका एकदम म्हणाले, "ओरिजिनल कोणाच्या हाती देऊ नये. कॉपी देवा." आणि सगळ्यांनी माझ्या मशीनकडे पाहिलं. हिमालयाबद्दल आमच्या गावाला एवढी आपुलकी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

ज्या लोकांसाठी लिहिलं ते राहिलेच, म्हणजे पोट्टे. हेडसरांनी वर्गात गोष्ट वाचून दाखवली आणि अभिप्राय लिहून आणायचा गृहपाठ दिला. गठ्ठा दुकानात आला. मी ग्राहक बाजूला ठेवून वाचायला बसलो. पहिला: "ही कथा मला खूप आवडली. या कथेतून आपल्याला झाडे लावा झाडे जगवा हा बोध मिळतो." माझ्या कथेत एकही झाड नाही. दुसरा तोच. तिसराही तोच, फक्त त्यात झाडेच्या जागी झोडे झालं होतं, आणि तिथून पुढं सगळा वर्ग झोडे लावा झोडे जगवा. एकानं तर ज्याचं उतरवलं त्याचं नावही खाली उतरवलं होतं. म्हणजे वाचक होते पण वाचक एकच होता, बाकी झेरॉक्स, आणि त्या धंद्यात मी असल्यामुळे बोलायची सोय नव्हती.

तोंडी विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. एक पोट्टं म्हणे, "काका, तो श्वास सोडला की थंड होते ना?"

हो, गोठून जाते माणूस.

"मंग त्याले खिडकीत बसवा ना कूलरच्या जागी."

इथं माझी गोष्ट मेली. कारण मागं बाकावर बसलेली मोठी माणसं हे ऐकून एकदम जागी झाली. पारा ४६ वर. दुकानातला कूलर गरम हवा फेकत होता, ताट्या दोन वर्षांच्या, पाणी टँकरचं, लाईन जात-येत. आमच्याकडे उष्णता कशी असते ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही, २०१३ च्या मे मध्ये नागपूरला ४७.९ नोंदलेलं आहे आणि २०२४ च्या मे मध्ये तर तिथल्या एका स्वयंचलित यंत्रानं थेट ५६ डिग्री दाखवली होती, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता, आता यंत्राला चक्कर येते तिथं माणसानं काय करावं. तर अशा हवेत सगळ्यांनी राक्षसाचा हिशोब मांडला. लाईट बिल नाही. पाणी भरा लागत नाही. लोडशेडिंग असली तरी चालते. ग्रामपंचायतीनं आणला तर आळीपाळीनं घरोघरी देता येईन. फक्त संत्रं खाते, ते तर आपल्याकडे आहेच. एकानं विचारलं लग्नाच्या मांडवाले भाड्यानं मिळन का. पिंट्यानं त्याला वितळवलं यावर मात्र फार नाराजी होती, विशेष करून बाया नाराज होत्या, एवढी चालती वस्तू त्या पोट्ट्यानं खराब केली म्हणून.

कोपऱ्यात निराधारच्या पगाराची चौकशी करायला आलेली म्हातारी आजी बसली होती, तिला वाचता येत नाही, तिला पोरांनी गोष्ट सांगितली. ती म्हणे, "कोणाचं लेकरू आहे ते?" कोणाचं म्हणजे राक्षस आहे आजी. "मायबाप नसन त्याले. भूक लागली असन, म्हणून आलं गाडीपाशी. दोन भाकरी देल्ल्या असत्या तं कायले कोणाच्या अंगावर गेलं असतं बापा." यावर काय बोलणार. साडेनऊ फुटी भयंकर राक्षस लिहावा आणि त्याचं लेकरू होऊन बसावं, हे कोणत्याही लेखकाच्या नशिबी येऊ नये.

जागलीवाल्यांना तर मी गोष्ट दाखवलीच नाही, तेच उचलून घेऊन गेले. ही मंडळी रात्री वावरात जागतात, रानडुक्कर आणि रोही पिकात घुसू नये म्हणून, आणि ओलिताची लाईन रात्रीची असली तर थंडीत दोन वाजता पाण्यात उभी राहतात, बॅटरीच्या उजेडात पलीकडच्या धुऱ्यावर दोन डोळे चमकले तर कुत्रं आहे का बिबट याचा विचार करत. त्यांचा अभिप्राय एका ओळीचा होता. "तुह्या पिंट्याले गाडीत काच तरी होती, भाऊ."

आणि एक माणूस मात्र घाबरला. खरंच घाबरला, मी स्वतः पाहिलं. पलीकडच्या खेड्यावरचे शेतकरी, कधी फारसं बोलत नाहीत, चौथं पान हातात घेऊन बसले होते, जिथं टपावर गारा वाजायला लागतात. वाचता वाचता ते बाहेर आभाळाकडे पाहू लागले. आभाळ कोरडं होतं. मला वाटलं चला, निदान एकावर तरी परिणाम झाला, म्हणून मी विचारलं काका कसं वाटलं.

"चौदा साल आठवलं," ते म्हणाले.

२०१४ ची गारपीट, फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू झाली ती मार्चमध्येही पडत राहिली, विदर्भ-मराठवाड्यात गहू, हरभरा, संत्रं सगळं झोपवलं तिनं. वावरात पांढरा सडा पडला होता आणि लेकरं गारा वेचून खात होती, त्यांना मजा वाटत होती, असं ते सांगत होते. राक्षस पुढच्या पानावर येतो, पण ते पुढच्या पानावर गेलेच नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "त्या ट्रकवाल्याचा पंचनामा झाला का मंग?"

मी म्हटलं नाही हो, तो प्रसंग नाही गोष्टीत.

"नसनच झाला," ते म्हणाले.

तेवढ्यात साईट सुरू झाली. आणि राजेहो, माझा सगळा वाचकवर्ग एका सेकंदात उठून काउंटरवर आला. पानं बाकावर, बाकाखाली, एक कूलरला चिकटलेलं, सगळ्यांचे हात पुढे, आधार कार्ड, पासबुक, ओटीपी आला का, ओटीपी नाही आला, मोबाईल पोराजवळ आहे आणि पोरगा पुण्याले आहे. त्या गर्दीत कागद संपला. नवीन रीम तालुक्यावरून यायचं होतं. त्या पलीकडच्या गावच्या काकांना पीककर्जाच्या फाईलला सातबाऱ्याची प्रत त्याच दिवशी लावायची होती, तेच म्हणाले की पाठकोरा चालते, बँकेत कोण मागून पाहते, आणि हातातलं चौथं पान मशीनवर ठेवलं. मी मारून दिलं. एका बाजूला गट नंबर, क्षेत्र, भोगवटादार, दुसऱ्या बाजूला राक्षसाचा हात काचेवर.

मग बरेच दिवस शांतता. मी दुसरी गोष्ट लिहायचं मनातून काढून टाकलं होतं. तर एका सकाळी ते काका घामाघूम दुकानात, सायकल बाहेर तशीच आडवी टाकलेली.

"तुह्या राक्षसापायी माह्यं कर्ज अडलं ना बावा."

काय झालं म्हटलं.

"सायेबानं फाईल उलटी करून पाहिली. बसल्या बसल्या वाचलं ते पान. मंग म्हणते पाचवं कुठाय."

मी म्हटलं त्यांना सांगायचं ना, त्याचा फाईलशी संबंध नाही.

"सांगतलं. तं म्हणते कागद अपूर्ण आहे. पाचवं, सहावं, सातवं घेऊन या, आन् संबंधितानं सही करून देवा."