गोब्बरद गिडा

खानापूर रोडनं स्कूटरवरून बेळगावला परत येत होतो, देसूरच्या आसपास हिनं मागून खांद्यावर थाप मारली, "अहो थांबा, ते झाड बघा की!" फेब्रुवारी संपत आलेला, जिकडंतिकडं धूळ, आणि मधेच हे झाड, अंगावर औषधाला पान नाही खरं फांदीन् फांदी फिक्कट गुलाबी-जांभळ्या फुलांनी लगडलेली. "कसलं हो हे?"

लग्नाला बावीस वर्षं झाली, 'माहीत नाही' हा शब्द अजून मी घरात काढलेला नाही. म्हटलं, "ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल."

"ताम्हण एप्रिल-मे मधी फुलतंय, आणि पाकळी चुरगळल्यासारखी असते. माहेरी दारातच होतं आमच्या."

झालं. मोबाईल काढला. अ‍ॅप म्हणालं चेरी ब्लॉसम. देसूरला! परत फोटो मारला तर म्हणतंय पानाचा फोटो द्या. अरे बाबा, पान असतं तर तुझ्या पाया कशाला पडलो असतो? मग फॅमिली ग्रुपवर टाकला. मेहुणा म्हणाला काटेसावर, पुण्याची वहिनी जकरंडा, आत्यानं नमस्काराचे हात पाठवले. तोवर हिनं एक फूल जवळून बघितलं, अगदी पावट्याच्या फुलासारखं, वरच्या पाकळीवर मधोमध पिवळसर डाग.

तेवढ्यात म्हशी घेऊन एक आजोबा आले. माझं कन्नड बसच्या बोर्डापुरतं, तरी धाडस केलं, "अज्जा, इदु याव गिडा री?"

"गोब्बरद गिडा."

हिचा चेहरा बघण्यासारखा झाला. गोब्बर म्हणजे खत, हे तिला बाजारातनं माहीत. अज्जा मग मराठीवर आले, पाला शेतात घालायचा, खतच ते, फांदी खोचली की कुंपण तयार, आणि बी कुटून धान्यात घातलं की उंदीर खलास.

उंदीर म्हटल्यावर डोक्यात लाईट पेटली. उंदीरमारी! आजोळच्या बांधावर रांगच होती की, खरं दरवर्षी पाल्यासाठी छाटून छाटून बोडकी ठेवलेली, फुलणार कधी बिचारी? लहानपणी तिच्याच काठ्या मोडून आम्ही विट्या केल्या आणि आज तिलाच ओळखलं नाही. घरी येऊन वाचलं, मूळची मध्य अमेरिकेची, मळ्यांत सावलीसाठी आणलेली. आणि मराठीत तिला गिरिपुष्प असंपण भारदस्त नाव आहे म्हणे.

संध्याकाळी हिनं तो गुच्छ हॉलमध्ये फ्लॉवरपॉटात लावला. शेजारच्या वैनी आल्या, "अय्या, कसली हो फुलं ही?"

मी घसा खाकरून म्हटलं, "गिरिपुष्प."

आतनं आई ओरडली, "उंदीरमारी हाय गं ती! हात धुऊन चहा घे."