खुलासा : ‘कोल्हापूरची हवा अजून बराच धूर पचवेल’ हे खरं नाही

‘हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) शंभराच्या आत आहे, म्हणजे शहर अजून बरंच प्रदूषण सहन करू शकतं’ असा मेसेज आपल्या ग्रुपांवर फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका.

५१ ते १०० हा टप्पा ‘समाधानकारक’ गणला जातो, पण त्यातही दमेकऱ्यांना थोडा त्रास होतोच. आणि पीएम १० साठी (हवेतले बारीक धूलिकण) घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ही एका दिवसाची मर्यादा आहे, वर्षाची सरासरी मर्यादा ६० आहे. रोज ९५ राहिलं तर एकही दिवस मर्यादा मोडणार नाही, पण वर्षाची मर्यादा नक्की मोडेल. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवेची मर्यादा न पाळू शकलेल्या शहरांच्या, यादीत आपलं शहर उगाच नाही.

शहर किती धूर झेलेल, हे वारा किती आणि हवा किती उंचीपर्यंत मिसळते यावर ठरतं. थंडीत पहाटे पंचगंगा घाटावर उभे राहा. गुऱ्हाळाचा, पेटवलेल्या पाचटाचा धूर वर जातच नाही, नदीवर आडवा पसरून राहतो. दुपारी तोच विरतो. म्हणून क्षमता मोजायची ती या पहाटेची, जोराच्या वाऱ्यातल्या पावसाळी दिवसाची नव्हे.