उंबरठ्यावर ठेवलेल्या ४० किलोंबद्दल

नमस्कार ताई,

एकच तारा देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय मी तीनदा वाचला. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी तुमच्या आईंना, म्हणजे काकूंना, भेटायचं होतं. इथे जे लिहितोय ते त्यांना विचारूनच. त्या म्हणाल्या, "लिहा, माझ्यासारख्या बाकीच्यांचीही सोय होईल."

ज्यांनी मूळ तक्रार वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या आई ७४ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. त्यांनी आमच्याकडून कपडे धुण्याच्या पावडरची १० किलोची पिशवी, फरशी पुसायच्या द्रावणाचे ५ लिटरचे दोन कॅन आणि पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार मागवला. सामान पोचवणाऱ्या आमच्या मुलाने सगळं दाराबाहेर ठेवलं. काकू म्हणाल्या, "बाळा, आत ठेवतोस का?" तर "आत यायची परवानगी नाही" असं सांगून तो गेला. जार आत ओढताना काकूंच्या पाठीत उसण भरली. त्यांनी फोन केला तेव्हा आमच्याकडून उत्तर मिळालं, "घरपोच म्हणजे दारापर्यंत." ताईंच्या मागण्या दोन आहेत: त्या मुलाला कामावरून काढा, आणि वयस्कर माणसांना एवढे मोठे पॅक विकणं बंद करा.

ताई, तुम्ही लिहिलंय त्यात एकही शब्द वाढवलेला नाही. काकूंची मी घरी जाऊन माफी मागितली. तुमची इथे, सगळ्यांसमोर मागतो.

मुलाला मात्र मी काढणार नाही. उंबरठा ओलांडायचा नाही हा नियम माझा आहे. दोन वर्षांपूर्वी एका घरात सामान ठेवताना कपाटाची काच फुटली, वादावादी झाली, आणि त्याच संध्याकाळी मी सगळ्या मुलांना बजावलं की यापुढे कुणाच्याही घरात पाऊल टाकायचं नाही. फोनवर काकूंना मिळालेलं वाक्यही मीच शिकवलेलं. काच फुटू नये म्हणून केलेल्या नियमाने कुणाची पाठ मोडेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो मुलगा सांगितलेलं काम करत होता. त्याची नोकरी घालवून माझी चूक भरून निघणार नाही.

काकूंकडे गेलो तेव्हा पावडरची पिशवी अजून दारामागेच होती. वरून कात्रीने कापलेली. काकू मगाने पावडर बादलीत घ्यायच्या आणि ती बादली न्हाणीघरापर्यंत न्यायच्या. "एका वेळी चारच मग. पाचवा घेतला की बोटं दुखतात," म्हणाल्या. दारापासून न्हाणीघर अकरा पावलांवर आहे. जार उंबरठ्याच्या आत हातभर येऊन थांबला होता, उसण भरली तिथेच. शेजारच्या बाईंनी त्यातून दोन बाटल्या भरून दिल्या होत्या, त्यावर दोन दिवस निघाले. ताई, तुम्हाला हे दोन दिवस उशिरा का कळलं हेही मी विचारलं. "ती कामात असते, तिला कशाला त्रास," एवढंच बोलल्या.

मी तो जार उचलून पाहिला. रोज असे कितीतरी जार चढवतो-उतरवतो, पण धरायला त्याची मान सोडून जागाच नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. काकूंच्या बोटांचे सांधे सुजलेले आहेत. त्या मानेभोवती त्यांची मूठ पूर्ण मिटत नाही. एका लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे नुसतं पाणीच २० किलो झालं. तिन्ही मिळून आम्ही त्यांच्या दारात ४० किलो ठेवून आलो होतो.

घरी आल्यावर मी वजनांची माहिती काढली. इतकी वर्षं या धंद्यात असून हे आधी करायला हवं होतं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेची 'नायॉश' ही सरकारी संस्था आहे. तिने १९९१ साली वजन उचलण्याचं सूत्र सुधारलं. त्यात सगळं मनासारखं असेल तरी मर्यादा २३ किलोच आहे. मनासारखं म्हणजे वजन अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पकड चांगली आणि उचलताना अंग पिळायचं नाही. वजन अंगापासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटरवर गेलं की ही मर्यादा निम्मी होते. त्यात ते जमिनीवरून उचलायचं असेल तर आणखी कमी होते. दोन्ही धरून मी गुणाकार केला, तर उत्तर ९ किलोच्याही आत आलं. आणि हा हिशोब नोकरी करणाऱ्या, धडधाकट माणसांचा. दारात, जमिनीवर, हात लांब करूनच पोचता येईल अशा जागी आम्ही २० किलोचा जार ठेवला होता.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ११२२८ क्रमांकाच्या मानकात तर वयानुसार आकडे दिलेत. २० ते ४५ वयाच्या बाईसाठी ते २० किलो धरतात, ४५ नंतर १५. पुरुषांसाठी २५ आणि २० आहेत. म्हणजे पंचेचाळिशीलाच आकडा उतरतो, चौऱ्याहत्तरीचं तर पुढेच. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्के कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. हाडं ठिसूळ झालेली असतील तर वाकून काही उचलतानासुद्धा मणक्याचं हाड दबून मोडू शकतं. काकूंचं उसणीवर निभावलं. तरी ताई, दुखणं आठवडाभरात उतरलं नाही किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

आता तुमची दुसरी मागणी. वयस्कर माणसांना मोठे पॅक विकू नका, हे मला पटत नाही. मोठा पॅक स्वस्त पडतो, हे काकूंना माझ्याइतकंच कळतं. त्या हिशोब करूनच मागवतात. त्यांचं वय बघून मी परस्पर ठरवायचं की यांना छोटंच द्यायचं आणि महाग द्यायचं, तर तो त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. मी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "पिशवी मोठीच हवी. फक्त ती माझ्या हाताला पेलेल अशी करून द्या."

म्हणून आता आम्ही तसंच करतो. १० किलोची पावडर मुलगा त्यांच्यासमोर फोडतो आणि त्यांच्याच चार डब्यांत अडीच-अडीच किलो भरून देतो. द्रावणाचं मात्र असं करत नाही. सफाईची रसायनं मूळ बाटलीतून काढून दुसऱ्या बाटलीत भरणं धोक्याचं आहे. चिठ्ठी नसलेली बाटली उद्या पाण्याची समजून कुणी तोंडाला लावेल. ब्लीच चुकून संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. त्यामुळे ५ लिटरच्या कॅनऐवजी १ लिटरच्या पाच सीलबंद बाटल्या देतो, कॅनच्याच दराने. त्यात आमचा थोडा फायदा जातो, जाऊ दे.

पाण्याचं अजून पूर्ण सुटलेलं नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. जार २० लिटरचाच येतो. काकूंच्या ओट्याशेजारी गुडघ्याच्या थोडं वर येईल असं पक्कं स्टूल ठेवून त्यावर आम्ही जार चढवून देतो आणि तोंडाला चार्जिंगचा छोटा पंप बसवतो. बटण दाबलं की पाणी येतं, जार कलता करावा लागत नाही. रिकामा जारही मुलगाच उतरवून नेतो. ५ लिटरचे जार मिळतात का ते बघतोय. मिळाले की आधी तुम्हाला कळवेन.

नियम बदललाय, फक्त काकूंपुरता नाही. ऑर्डर घेताना आता आम्ही प्रत्येकाला विचारतो की आत ठेवून हवं का, आणि कुठे. वय विचारत नाही. पाठ तिशीतही धरते, आणि नुकतंच ऑपरेशन झालेलं माणूस कुठल्याही वयाचं असू शकतं. जास्त पैसे घेत नाही. थोडं थोडं, पण लवकर लवकर मागवायचं असेल तर किमान ऑर्डरची अटही काढली आहे. यामुळे एका फेरीत घरं कमी होतात, वरच्या मजल्यांवर लिफ्ट नसेल तर आणखीच कमी. म्हणून मुलांना घरांचा आकडा गाठायला लावणं बंद केलंय. कधी सामान एक दिवस उशिरा येईल, तेवढं समजून घ्या.

ठेवायची जागा मात्र घरातल्यांनी एकदा बसून ठरवावी, हे ताई तुम्हाला आणि वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो. काकूंकडे पावडरचा जुना डबा माळ्यावर होता आणि द्रावणाचे कॅन सिंकखाली, अगदी आत. एकासाठी स्टुलावर चढायचं, दुसऱ्यासाठी गुडघ्यांवर बसायचं. साठीपुढच्या माणसाला स्टुलावरून पडणं फार महागात पडतं. जगभरात पडून मृत्यू येणाऱ्यांत सर्वांत जास्त माणसं साठीच्या पुढचीच असतात. जड वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर, त्यातही सगळ्यांत जड ती कमरेच्या उंचीला, कडेशी ठेवावी. हलक्या वस्तू वर-खाली गेल्या तर चालतात. आम्ही काकूंचं कपाट परवा असं लावून दिलं, अर्धा तास लागला. चाकांची ट्रॉली घ्यावी का, असं त्यांनी विचारलं. सपाट फरशीवर ती चांगली, पण उंबरठ्याशी ती उचलावीच लागते, म्हणून त्यांच्या घरात तिचा उपयोग नाही असं सांगितलं.

गुरुवारी पुढचा जार येतोय. मी दुसऱ्या मुलाला पाठवणार होतो, काकूंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यांनीच फोन करून सांगितलं की त्यालाच पाठवा, त्याला माझी फळी माहीत झाली आहे. ताई, तुम्हाला त्या दिवशी सुट्टी असेल तर तुम्हीही या, आणि काही राहून गेलं असेल तर समोरच सांगा.