‘तीन महिन्यांत जपानी’ : त्या मेसेजला माझं उत्तर

नवी बॅच सुरू व्हायच्या तोंडावर एक मेसेज माझ्याकडे हमखास येतो. कधी विद्यार्थी पाठवतात, कधी त्यांचे आईवडील. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: “मराठी आणि जपानीचं व्याकरण एकच आहे, त्यामुळे मराठी माणसाला जपानी तीन महिन्यांत येते. सगळं देवनागरीत लिहून घ्या, कांजीच्या नादी लागू नका, रोज अ‍ॅनिमे बघा, एन ५ काढा, जपानमध्ये नोकरी पक्की.” (कांजी म्हणजे जपानी लेखनातली चिनी चित्राक्षरं, अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट, आणि एन ५ पासून एन १ पर्यंतच्या चढत्या पातळ्या जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या.)

मी पुण्यात जपानी शिकवते. शिकत होते तेव्हा एन ४ झाल्यावर जवळजवळ दोन वर्षं एकाच जागी अडकून पडले होते. म्हणून हा मेसेज मला निरुपद्रवी वाटत नाही. तिसऱ्या महिन्यात भाषा येत नाही असं दिसलं की मुलं मेसेजला दोष देत नाहीत, स्वतःला देतात, आणि वर्गात यायची थांबतात. त्यातली कितीतरी चांगली शिकणारी असतात. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

“व्याकरण एकच आहे”

हे अर्धं खरं आहे, आणि खरा अर्धा भाग मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावा. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागे लागतो, एवढंच सगळे सांगतात. तेवढं तर हिंदीत आणि तमिळमध्येही आहे. खरी गंमत पुढे आहे. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘मिरु’ म्हणजे बघणे. आणि ‘ताबेते मिरु’ म्हणजे काय? खाऊन बघणे. चव घेऊन पाहणे, आपल्याच अर्थानं. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. पाहुणे येणार म्हणून दूध आधीच घेऊन ठेवलं, तर ते ‘कात्ते ओकु’. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे, आणि ‘अरेरे, खाऊन टाकलं’ यातली हळहळसुद्धा त्यात येते. ‘किनोओ कात्ता होन’ शब्दाला शब्द ठेवून वाचा: काल घेतलेलं पुस्तक. पडणे-पाडणे ही जोडी आपल्याकडे आहे तशी तिथे ‘ओचिरु-ओतोसु’ आहे, जळणे-जाळणे तशी ‘मोएरु-मोयासु’. ‘मला मांजर आवडतं’ या वाक्यात मांजर कर्ता आहे. जपानी ‘नेको गा सुकि’मध्येही तसंच आहे.

इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांना यातल्या एकेका रचनेसाठी पान-पान खर्चावं लागतं. मराठी मुलाला एक ओळ पुरते. पण आपली मुलं शिकतात इंग्रजी पुस्तकांतून, आणि वहीत अर्थही इंग्रजीत उतरवतात. म्हणजे ‘खाऊन बघ’ हे आधी इंग्रजीत जातं, तिथे त्याचा आकार मोडतो, आणि मोडलेला तुकडा जपानीत नेऊन जोडायचा खटाटोप सुरू होतो. माझी पहिली विनंती हीच आहे: रचनेचा अर्थ मराठीत लिहा. वर्गात इंग्रजीतून शिकवत असले तरी.

आता उरलेला अर्धा भाग. ‘वा’ आणि ‘गा’ या नामामागे लागणाऱ्या प्रत्ययांतला फरक मराठीच्या कुठल्याही विभक्तीवर बसवता येत नाही, तो वाक्यं ऐकून-वाचूनच अंगवळणी पडतो. ‘देणे’ आपल्याकडे एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर ‘आगेरु’, दुसऱ्यानं मला दिलं तर ‘कुरेरु’. आदराच्या बाबतीत तर मराठी मन उलट्या दिशेला जातं. समजा, जपानी कंपनीत तुम्ही फोन उचललात आणि बाहेरच्या माणसानं तुमच्या साहेबांना, तानाकांना, मागितलं. मराठीत आपण म्हणू, “तानाका साहेब बाहेर गेलेत.” जपानीत म्हणायचं, “तानाका वा गाइशुत्सु शिते ओरिमासु.” नावापुढे आदराचं ‘सान’ नाही आणि क्रियापद नम्रतेचं, कारण बाहेरच्यासमोर आपला माणूस, मग तो साहेब का असेना, लहान करून सांगायचा असतो. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीनं वर्गात आलेल्या जपानी पाहुण्यांना मोठ्या आदरानं “अनाता वा…” अशी सुरुवात करून प्रश्न विचारला. तिच्या मनात ‘तुम्ही’ होतं. पण पाहुण्यांना, वडीलधाऱ्यांना ‘अनाता’ म्हणत नाहीत. आडनावाला सान लावतात, नाहीतर हुद्द्यानं बोलावतात, आणि बरेचदा सर्वनाम गाळूनच टाकतात. व्याकरण एकच आहे असं मनात धरून बसलेला माणूस या जागांकडे बघतच नाही.

“तीन महिन्यांत येते”

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी भाषकांसाठी जपानीला सुमारे २,२०० वर्गतास धरते आणि तिला सर्वांत अवघड गटात ठेवते. मराठी भाषकांसाठी मी उदारपणे निम्मे करते: १,१००. रोज दोन तास, एकही खाडा न करता, तरी दीड वर्ष होतं. तीन महिन्यांत हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्या, रोजची वाक्यं आणि शंभरेक कांजी होऊ शकतात. ती चांगली सुरुवात आहे. तिला ‘भाषा आली’ म्हणू नका, एवढंच.

“सगळं देवनागरीत लिहून घ्या”

या सल्ल्यानं सगळ्यांत जास्त नुकसान होतं, कारण तो पहिल्या महिन्यात खरा वाटतो. देवनागरी रोमन लिपीपेक्षा जवळची आहेच. मराठी कानाला तर आणखी एक देणगी आहे: ‘चूल’मधला च आणि जपानी ‘त्सु’ यांत फारसं अंतर नाही, आणि ‘जुना’मधला ज आपल्याला ‘काज़े’ म्हणजे वारा या शब्दात आयता सापडतो.

पण एक वही माझ्यासमोर अजून आहे. सुबक अक्षर, रंगीत पेनं, सगळं देवनागरीत. तिच्या एका पानावर लिहिलंय ‘कोको – इथे’ आणि चार ओळी खाली ‘कोको – हायस्कूल’. त्या मुलीनं शेजारी प्रश्नचिन्हही काढलंय: दोन्ही एकच? एकच नाहीत. ‘इथे’ या अर्थाच्या शब्दात दोन्ही ओ ऱ्हस्व आहेत, ‘हायस्कूल’मध्ये दोन्ही दीर्घ, ‘कोओकोओ’ असे दुप्पट वेळ लांबवलेले. देवनागरीत ओ आणि ए यांना ऱ्हस्व-दीर्घ नाहीच, त्यामुळे तिनं वर्गात ऐकलेला फरक वहीत उतरताना पुसला गेला. आणि वहीतून पाठ केलं की तो तोंडातूनही गेला.

इकार-उकारांची वेगळीच अडचण. मराठी लेखनात शब्दाच्या शेवटी इ-उ दीर्घ लिहायची सवय हातात इतकी भिनलेली आहे की आपण ‘सुशी’ लिहितो आणि ‘ओइशी’ही लिहितो. पहिल्यातली शि ऱ्हस्व आहे, दुसऱ्या शब्दाचा, म्हणजे ‘चविष्ट’चा, शेवट खरोखर दीर्घ आहे. शिवाय बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतो. मराठीत त्यानं सहसा अर्थ बदलत नाही. जपानीत बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे आत्या, मावशी, काकू. ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘शुजिन’ म्हणजे नवरा, ‘शूजिन’ म्हणजे कैदी.

हिरागानाची मूळ अक्षरं ४६, काताकानाचीही ४६. बाराखडी शिकलेल्या माणसाला हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. त्या दिवसापासून वहीतल्या जपानी शब्दांतून देवनागरी बंद करा. (या लेखात ती वापरली आहे ती लिपी न येणाऱ्या वाचकांसाठी.) आणि काताकाना नंतर बघू असं म्हणू नका. पुढे अडखळत वाचणारी बहुतेक मुलं काताकानावर अडखळतात.

“कांजीच्या नादी लागू नका”

दैनंदिन वापरासाठी ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत. जपानी मूल प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्यातल्या १,०२६ शिकतं. हे आकडे ऐकून घाबरायला होतं, मान्य. पण कांजी टाळली तर पुढे शब्दच वाढत नाहीत, आणि हे मराठी माणसाला सगळ्यात लवकर पटायला हवं.

आपण ‘पाणी’ पितो, पण ‘जलविद्युत’ म्हणतो, ‘जलचर’, ‘जलाशय’ म्हणतो. ‘हात’ धुतो, पण ‘हस्ताक्षर’, ‘हस्तकला’. सुटा शब्द घरचा, जोडशब्दात संस्कृत. जपानीत तंतोतंत हेच आहे, फक्त संस्कृतच्या जागी चिनी. पाण्याची कांजी सुटी असली तर ‘मिज़ु’, जोडशब्दात ‘सुइ’. ‘सुइर्योकु हात्सुदेन’ म्हणजे जलविद्युतनिर्मिती. हाताची कांजी सुटी ‘ते’, जोडशब्दात ‘शु’: ‘शुवा’ म्हणजे हातांच्या खुणांची भाषा. एका कांजीचे दोन-दोन उच्चार का, ही तक्रार मी दर वर्षी ऐकते. पाणी आणि जल हे एकाच चित्रानं लिहिले असते तर मराठीतही तसंच झालं असतं, एवढं सांगितलं की वर्ग शांत होतो.

कांजी नसेल तर हे सगळे जोडशब्द नुसते आवाज उरतात, आणि आवाज फार थोडे आहेत. ‘कागाकु’ म्हणजे विज्ञान आणि ‘कागाकु’ म्हणजे रसायनशास्त्रही. लिहिलेलं पाहिलं की गोंधळ नाही. ऐकताना जपानी माणसंसुद्धा रसायनाला ‘बाकेगाकु’ म्हणून फोड करतात.

मेसेजच्या उलट टोकाला असणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. भिंतीवर तक्ता लावून एकेक कांजी वीस-वीस वेळा गिरवणं, तिचे सगळे उच्चार पाठ करणं, हे मीही केलं आहे. पंधरा दिवसांत पुसलं जातं. कांजी शब्दातून शिका: आज ‘बुधवार’मध्ये भेटलेली पाण्याची कांजी परवा ‘पोहणे’मध्ये भेटू दे. आणि उजळणी वाढत्या अंतरानं करा: दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, दहा दिवसांनी. विसरण्याचा वेग हेर्मान एबिंगहाऊसनं १८८५ सालीच मोजून दाखवला होता. आता ते हिशोब मोबाइलमधलं अंकीसारखं अ‍ॅप ठेवतं.

“रोज अ‍ॅनिमे बघा”

बघा, आवडत असेल तर जरूर बघा. पण खाली इंग्रजी अक्षरं पळत असतील तर तुमचे डोळे इंग्रजी वाचत असतात. शिवाय त्यातली ‘ओरे’, ‘ओमाए’, ‘किसामा’ ही सर्वनामं उचलून बाहेर वापरलीत तर समोरच्याला धक्का बसेल. शेवटचं तर भांडणातलं आहे. दोन मिनिटांचा तुकडा घ्या, जपानी संवाद समोर ठेवून दहा वेळा ऐका, मग बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच्याच वेगात म्हणा. दोन तासांच्या बघण्यापेक्षा हे जास्त दमवतं आणि जास्त देतं.

“एन ५ काढा, नोकरी पक्की”

एन ५ ही जेएलपीटीची सर्वांत खालची पायरी. १८० पैकी ८० गुणांना पास. परीक्षा पूर्ण पर्यायी उत्तरांची आहे, बोलण्याची आणि लिहिण्याची चाचणी तीत कुठल्याच पातळीला नाही. २०२१ साली भारत आणि जपान यांच्यात विशेष कुशल कामगारांसाठी करार झाला. त्या व्हिसाला जपानीची किमान अट एन ४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा, आणि त्याबरोबर कामाच्या कौशल्याची वेगळी परीक्षा. शुश्रूषेच्या क्षेत्राला तर त्या क्षेत्राच्या जपानीची आणखी एक. या वाटेनंही एन ५ पुरत नाही. मुलाच्या फीसाठी कर्ज काढायला निघालेल्या पालकांनी एवढं तरी आधी वाचावं.

उरला अडकलेल्यांचा प्रश्न, ज्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही. जेएलपीटी १९८४ साली सुरू झाली तेव्हा चार पातळ्या होत्या. तिसऱ्या पातळीला, म्हणजे आजच्या एन ४च्या तोडीच्या, सुमारे ३०० कांजी आणि १,५०० शब्द. दुसरीला एकदम १,००० कांजी आणि ६,००० शब्द. ही उडी इतकी मोठी होती की २०१० साली मध्ये एन ३ ही नवी पायरी घालावी लागली. तुम्ही तिथेच थांबला असाल तर तुमच्यात काही कमी नाही. एन ४पर्यंत पुस्तक प्रत्येक शब्द हातात आणून देतं. त्यानंतर शब्द वाचनातून गोळा करावे लागतात, आणि ते कुणी शिकवलेलं नसतं.

त्या दोन वर्षांत मी व्याकरणाची पुस्तकं बदलत राहिले. तिसरं घेतलं, चौथं घेतलं. सुटले ते सोपं वाचायला लागल्यावर: एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या, ज्यांत कांजीच्या डोक्यावर हिरागानात उच्चार दिलेला असतो. रोज एक बातमी, मोठ्यानं, दोनदा. एका बातमीत पाचापेक्षा जास्त शब्द शोधायचे नाहीत, हा नियम.

तुम्ही अडकले असाल तर या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या पहिल्या पुस्तकाचा दहावा-बारावा धडा काढा, जो ‘झालेला’ आहे. पुस्तक मिटून त्याची ध्वनिफीत लावा आणि ऐकू येईल ते हिरागानात लिहून काढा. मग पुस्तक उघडून ताडून बघा. माझे स्वर चुकले होते, जवळजवळ प्रत्येक दीर्घ ओ, आणि तीन ठिकाणी ‘गा’च्या जागी मी ‘वा’ ऐकलं होतं. त्या पानावरून माझा अभ्यास पुन्हा सुरू झाला.