कोणीच नसेल अशा जागी बोट बांधा

तर ठरलं ना मग? शनिवार-रविवार, बोट, वैनगंगा आणि रात्रीचा मुक्काम पाण्यातच. पचमढी चारदा झाली, चिखलदऱ्याला आता गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून ग्रुपवर कोणीतरी नागपूरकडच्या आंभोऱ्याच्या पुलाचा ड्रोनवाला व्हिडिओ टाकला, खाली "करायचं का बे?" असं लिहिलं आणि अकरा जणांनी अंगठा दाखवला. (निघताना सहा असतील, ते सोडा.) बोटही मिळालीच, मित्राच्या मित्राची, फायबरची, मागे मोटर, वर ताडपत्री. आता रात्री ती बांधायची कुठे एवढंच राहिलं. मी गेल्या डिसेंबरात हे सगळं करून आलोय, त्यामुळे हक्काने सांगतो.

सगळ्यात आधी, उशिरा निघा. सकाळी सातची वेळ ठरली म्हणजे तर्री-पोहे, मग एकाच्या घरी इन्व्हर्टरवाला येऊन जाईपर्यंत थांबणं, मग कुही-मांढळ-वेलतूर करत वाटेत दोनदा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला थांबणं, असं करत बोटीत पाय ठेवायला चार वाजले पाहिजेत. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो, म्हणजे जागा शोधायची वेळ आली की बरोब्बर अंधार. पाण्यातलं कळणारे लोक म्हणतात की जागा उजेडात निवडा, खाली काय आहे ते दिसतं. केरळात तर हाऊसबोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लावूनच टाकतात, कारण नंतर कोळी लोक जाळी टाकतात. असेल बाप्पा. ते पिढ्यानपिढ्या पाण्यात राहून घाबरट झालेत, आपण अंबाझरी तलावावर तिकीट काढून बोटिंग केलेलं आहे. शिवाय २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदी घरात शिरली तेव्हा अर्ध्या नागपूरने बोट कंपाऊंडच्या भिंतीला कशी लावतात ते गच्चीवरून पाहिलंय, याहून जास्त अनुभव कुणाला असतो?

घाटावर एक ढिवर काका जाळं नीट करत बसलेले असतील. त्यांना काही विचारू नका. विचारलं तर ते सांगतील, आणि मग तसं करावं लागेल. आमच्या वेळी तर न विचारताच म्हणाले, "पल्याड नका जाऊ भाऊ, तिकडं झाडं हायेत पाण्यात." आम्ही "हो काका, हो काका" म्हटलं आणि पल्याड गेलो. कारण आमच्या बँकवाल्या मित्राने आठवडाभर सॅटेलाइट मॅपचा अभ्यास केलेला होता, त्याच्याकडे चार जागा पिन केलेल्या होत्या, आणि जागा कशी पाहिजे याबद्दल ग्रुपचं एकमत होतं, की तिथे कोणीच नसलं पाहिजे. शहरात एवढी गर्दी, ऑफिसात गर्दी, मेट्रोचं काम संपलं तर उड्डाणपुलाचं सुरू, निदान एक रात्र तरी अशा जागी जिथे आपल्याशिवाय कोणी नाही. तुम्हीही हाच निकष ठेवा.

पिन नंबर एक म्हणजे पुलाखाली. जागा खरंच भारी. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या इथे भेटतात, टेकडीवर चैतन्येश्वर, आणि वर तो केबलचा पूल, ज्याच्या गॅलरीत उभं राहून लोक खाली संगम बघतात. खाली बघतात हे लक्षात ठेवा. तुम्हाला वाटेल पूल म्हणजे डोक्यावर छप्पर, दव पडणार नाही. दव पडत नाही, पण विदर्भातला माणूस पुलाच्या कठड्यावर वाकून खाली पाणी बघतो तेव्हा त्याच्या तोंडात बहुतेक वेळा काहीतरी असतं. आमची ताडपत्री निळी होती, आता नाही. तरीही हौस असेल तर पुलाखालीच बांधा, नकाशा न उघडताही आपण कुठल्या प्रदेशात आहोत ते कळत राहतं.

दुसरी पिन वळणावरची होती. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला पाण्याचा जोर असतो, म्हणून तो काठ खोल आणि कातलेला, आणि आतल्या बाजूला पाणी मंद, म्हणून तिथे रेती साचत जाते. शहाणा नावाडी या दोन्हींकडे बघून सरळ काठ शोधतो. तुम्ही मात्र बाहेरच्या काठाला अगदी चिकटून लावा, भिंतीसारखा उभा असतो, फोटोत कोकणातल्या कड्यासारखा दिसतो. रात्री अधूनमधून ढप्प करून मातीचा ढेकूळ पाण्यात पडतो, तेव्हा "काही नाही, मासा असेल" असं म्हणायला एक माणूस जागा ठेवा.

पण खरी मजा पिन नंबर तीनला आहे. रेती घाट. दुपारी बघाल तर स्वर्ग, पांढरी रेती, उतार छान, शेकोटीला जागा, माणूस नाही काणूस नाही, आणि बोटीपर्यंत यायला चक्क गाडीचा रस्ता. एवढ्या आडरानात एवढा रुंद, दाबलेला रस्ता कुणी केला असेल आणि कशाला, हा प्रश्न मनात येईल, तर येऊ देऊ नका. रात्री रेती उपसायला बंदी आहे हे कागदावर सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून तर रात्री अकराला आमच्याकडे पहिला ट्रॅक्टर आला, लाईट बंद करून. मग दुसरा. मग एक टिप्पर, त्याचा मागे येतानाचा पीं-पीं आवाज मात्र कायदेशीर, सुरू होता. त्यातल्या एकाने टॉर्च मारून विचारलं, "कोण होय तिकडे? तहसीलचे का?" आमच्यातल्या एकाने, ज्याला आयुष्यात कधी कुठल्या पदाचा स्पर्श झालेला नाही, त्याने त्या क्षणी रुबाब दाखवायचा म्हणून दोन सेकंद उत्तर दिलं नाही. ते दोन सेकंद फार लांब असतात हो. मग मीच ओरडलो, "नाही नाही भाऊ, आम्ही पिकनिकवाले!" आणि त्यावर तिकडून जे हसणं ऐकू आलं ते अजून कानात आहे. म्हणजे तिथे सगळे तुमची वाट बघत असतात असं नाही, पण तुम्ही आलात तर त्यांची करमणूक होते. अवश्य जा.

आणखी खाली पवनीकडे गेलात तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहेच, तिथला काठ सगळ्यात शांत. वाघ उत्तम पोहतो एवढंच सांगतो, बाकी वनखात्याचे लोक समजावतील, पावती देऊन.

तर अकरा वाजता अंधारात सामान गोळा करून आम्ही तिथून निघालो आणि चौथ्या पिनवर गेलो. तुम्ही थेट इथेच या, वेळ वाचेल. छोटासा कोपरा, वारा नाही, लाट नाही, एकही दिवा नाही, आणि बोट बांधायला पाण्यातून आपोआप वर आलेले खुंट. एक बाभूळ तर अशी सोयीची उभी होती की जणू आपल्यासाठीच कोणी लावली असावी. येताना मोटरचा पंखा कशात तरी गुंतून बंद पडला, पण तोवर पोचलोच होतो, म्हणून त्याला आम्ही पार्किंग समजलो.

बांधण्याबद्दल दोन शब्द. दोर ताणून बांधा, अगदी तंबोऱ्यासारखा. ढिला सोडला तर बोट पाण्याबरोबर वरखाली होऊ शकते, आणि मग रात्रभर काही घडत नाही. नांगर नसेल तर घरून डंबेल आणा, आम्ही पाच किलोचं आणलं होतं. नांगर वजनाने धरत नाही, आडवा ओढला गेला की चिखलात रुततो आणि त्यासाठी दोर खोलीच्या निदान पाचपट सोडावा लागतो, हे मला नंतर कळलं. डंबेल मात्र आमच्या डोळ्यांदेखत प्रामाणिकपणे सरळ खाली गेलं. अजून तिथेच आहे, कुणाला व्यायाम करायचा असेल तर.

पाण्याची चिंता तर बिलकुल करू नका. हा गोसीखुर्दचा फुगवटा आहे, खाली ३३ दरवाज्यांचं धरण, आणि पाणी कधी किती कमीजास्त करायचं ते तिकडे ठरतं. पातळी चार बोटं उतरली तरी उभ्या काठावर कळतसुद्धा नाही, पण सपाट काठावर त्या चार बोटांत किनारा दहा-बारा फूट लांब जातो. आमचा कोपरा सपाट होता हे सांगायचं राहिलं. आता ज्या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं, ३७२ कोटींत होणार होतं आणि खर्च कुठल्या कुठे हजारो कोटींवर गेला, तिथे आपला अंदाज दहा फुटांनी चुकला तर कोणी नाव ठेवू नये.

झोपण्याआधी मॅप उघडून बघा, गंमत येते. आमची निळी टिकली पाण्यात दिसतच नव्हती, सगळ्या बाजूंनी हिरवे चौकोन, मधून एक पायवाट, आणि आपण शेताच्या मधोमध. फोटो जुना असणार. खूप हसलो. बँकवाला म्हणाला, "सहा जणांची बोट, एन.ए. प्लॉट नाही, लोन मिळणार नाही." त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा होता पण रेंज नव्हती.

सकाळी सहाला जाग आली ती थंडीने. धुकं असं की शेजारचा दिसत नाही, बोट एका कुशीवर कललेली, पुढचा भाग चिखलात, आणि चहूकडे हिरवंगार. रात्री वाऱ्याने जलपर्णी सरकत सरकत आमच्याभोवती येऊन बसली होती, पाण्याचा टिपूससुद्धा दिसत नव्हता. आणि वास ओळखीचा. हे समजायला फार अभ्यास लागत नाही, नाग नदी लाव्हाच्या टेकड्यांकडून निघते, आपल्या घरांमागून, संडासांमागून जाते, कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. जलपर्णीला वाढायला जे लागतं, नायट्रोजन, फॉस्फरस, ते सगळं आपण वर्षभर घरबसल्या पाठवत असतो. आपण शनिवारी निघतो, नागपूर आधीच निघालेलं असतं. आमच्यातला एक त्याच पाण्याने चूळ भरत होता, त्याला आम्ही काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका, विनाकारण दिवस खराब होतो.

मग धुक्यातून डोंगा आला. कालचेच काका. काही बोलले नाहीत, आमच्या मोटरपाशी वाकले, चाकू काढला आणि पंख्यात गुंतलेलं नायलॉनचं जाळं तुकड्या-तुकड्याने कापून काढलं. जाळं त्यांचंच होतं. आमच्यातल्या एकाने वातावरण हलकं करायला म्हटलं, "काका, जागा मात्र एक नंबर शोधली ना आम्ही? इथे कोणीच नाही." काकांनी त्या बाभळीकडे बघितलं, आमच्या ताणलेल्या दोराकडे बघितलं.

"हे धुऱ्यावरचं झाड होय," ते म्हणाले. "रातभर माह्या बांधीतच झोपले तुम्ही. धान व्हायचा इथं. घर थोडं पुढं होतं, तिकडं आता खोल हाये."

अशा वेळी काय बोलायचं त्याची तयारी घरून करून जा, तिथे ऐनवेळी सुचत नाही. आमच्या बँकवाल्याने मोबाईल काढून मॅपवरची ती पायवाट त्यांना दाखवली. त्यांनी बोटाने ती वर सरकवली, एका जागी थांबले, थोडा वेळ बघितलं आणि फोन परत दिला.

बोट चिखलातून काढून घाटापर्यंत ओढून न्यायचे त्यांनी पाचशे सांगितले. हे लोक पर्यटक बघून भाव वाढवतात, त्यामुळे तुम्ही तीनशेपासून सुरुवात करा, जाळ्याचा विषय आपल्याकडून काढू नका. आमचं साडेतीनशेत जमलं.